बुकिंग भरपूर, शिल्लक काहीच नाही

ताई, नमस्कार.
आमचा दोन खोल्यांचा एक फ्लॅट आम्ही वर्षभरापासून एअरबीएनबीवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्याच्या वेबसाइटवर, पाहुण्यांना देतो. बहुतेक जण एका रात्रीसाठी येतात. महिन्यातल्या वीसेक रात्री घर भरलेलं असतं, तरी महिनाअखेरीस हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून मी खर्च आवरायला घेतला. जाड टॉवेल काढून पातळ ठेवले, चहा-कॉफीच्या पुड्या मोजून ठेवायला लागले, दिवे बंद करा, चार्जर काढून ठेवा, गरम पाणी जपून वापरा अशा चिठ्ठ्या लावल्या. बिल फारसं कमी झालं नाही. उलट परवा एका पाहुणीने अभिप्रायात लिहिलं, "घर स्वच्छ आहे, पण सतत कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे असं वाटत राहिलं." फार लागलं मनाला. आमच्या मिस्टरांचं म्हणणं असं की सफाईवाल्या बाईंना कमी करून आपणच झाडलोट करू आणि हॉलमध्ये कॅमेरा लावू, म्हणजे एसी कोण चालू ठेवून जातं ते कळेल. मला हे पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. पाहुण्यांचं नीट करायचं की खर्च सांभाळायचा? की हे सगळं बंदच करावं?
— हिशेबाने थकलेली एक गृहिणी

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळा गुंता तिथेच आहे: "बहुतेक जण एका रात्रीसाठी येतात." तुम्ही खर्च शोधताय तो पाहुणे घरात असतानाचा. मला तुमचा पैसा जाताना दिसतो तो एक पाहुणा गेल्यावर आणि दुसरा येण्याआधी. चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायला जातात, बाई येऊन सगळं घर पुसतात, नवा साबण, नवी कचऱ्याची पिशवी लागते, तुम्ही स्वतः किल्ली द्यायला, घर बघायला जाता. पाहुणा एक रात्र राहो की पाच, हे सगळं एकदाच होतं.

आकड्यांत मांडते. एका रात्रीचं भाडं, कमिशन वजा जाता, 100 धरा. एका अदलाबदलीचा, म्हणजे पाहुणा बदलताना होणाऱ्या या सगळ्याचा, खर्च 40 आणि राहत्या पाहुण्याचा वीज-पाण्याचा वगैरे रोजचा खर्च 10. एका रात्रीच्या पाहुण्यामागे तुम्हाला उरतात 50. तोच पाहुणा तीन रात्री राहिला तर भाडं 300, खर्च 40 अधिक 30, उरले 230. म्हणजे रात्रीला 76 च्या वर. आता महिना बघा. एकेका रात्रीचे वीस पाहुणे म्हणजे 1000 उरले. तीन-तीन रात्रींचे सहा पाहुणे म्हणजे 18 रात्री, आणि उरले 1380. घर दोन रात्री जास्त रिकामं राहिलं, कामाच्या फेऱ्या वीसच्या सहा झाल्या, आणि पैसे वाढले. हप्ता, मेंटेनन्स, इंटरनेट असा ठरलेला खर्च महिन्याला 900 असेल, तर पहिल्या महिन्यात हातात 100 राहतात, दुसऱ्यात 480. तीन रात्री राहणाऱ्याला तुम्ही 10 टक्के सवलत दिलीत तरी सहा पाहुण्यांमागे 1200 उरतात आणि ठरलेला खर्च जाऊन 300 हातात येतात.

हे माझे मानलेले आकडे आहेत. तुम्ही आज रात्री तुमचे घालून बघा, आणि हिशेब रात्रीमागे न करता बुकिंगमागे करा. वहीत दर बुकिंगला एक ओळ: किती रात्री, किती भाडं आलं, धुलाई, सफाई, सामान, आणि तुमचे स्वतःचे तास. हा शेवटचा रकाना सोडू नका. घरातल्या बाईचे तास हिशेबात फुकट धरले जातात, आणि मग धंदा तोट्यात आहे की माणूस थकलंय हेच कळेनासं होतं.

तर पहिली गोष्ट, किमान दोन रात्रींची अट घाला. आठवडाभर राहणाऱ्याला ठळक सवलत द्या. दोन बुकिंगच्या मधे एकच रात्र मोकळी पडली तर फक्त तेवढ्या रात्रीपुरती अट उठवा, पण त्या रात्रीचं भाडं अदलाबदलीचा आणि रोजचा खर्च मिळून जेवढा होतो त्याच्या खाली नेऊ नका. वरच्या उदाहरणात ती रेषा 50 ची आहे. त्याखाली देण्यापेक्षा घर रिकामं ठेवून गाद्यांना ऊन-वारा दिलेला परवडला. मात्र तुमचं घर अशा जागी असेल की लोक मुक्कामाला येतच नाहीत, पहाटेची गाडी किंवा विमान पकडायला फक्त रात्र काढतात, तर ही अट तुमचं गिऱ्हाईकच तोडेल. तिथे सफाईचं शुल्क वेगळं लावा. ते एका रात्रीवर जड पडतं, चार रात्रींवर विरून जातं, आणि तेच न्याय्य आहे. फक्त असं शुल्क घेतलंत की पाहुण्यांना जाताना भांडी घासून चादरी काढून ठेवायला सांगू नका. ज्याचे पैसे घेतले ते काम त्याच्याकडूनच करून घेतलं, की माणूस दुखावतो, आणि त्याचं दुखावणं रास्त असतं.

आता त्या चिठ्ठ्या. त्या सगळ्या काढून टाका. आतिथ्याचा विचार जरा बाजूला ठेवते आणि नुसत्या विजेचाच हिशेब सांगते. मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला युनिटचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो. 9 वॅटचा एलईडी दिवा सलग साडेचार दिवस चालू राहिला तेव्हा कुठे एक युनिट होतं. 15 लिटरचा गिझर गार पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेतो तेव्हा सुमारे पाऊण युनिट जातं. आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालत असला तर तासाला साधारण दीड युनिट खातो, म्हणजे दोन वेळा भरून तापवलेला गिझर. तुमच्या चिठ्ठ्या चार्जर आणि दिव्यांवर पहारा देत होत्या, आणि बिल एसीमधून वाढत होतं. म्हणून ते कमी झालं नाही.

एसीसाठी माणसाला सूचना देऊ नका, यंत्राला द्या. बहुतेक एसींना टायमर असतो. दार किंवा खिडकी उघडी राहिली की एसी बंद करणारे छोटे सेन्सर मिळतात, ते एकदा बसवले की कुणाला काही सांगावं लागत नाही. तापमान एक अंश वर ठेवलं की एसीच्या विजेत ढोबळमानाने 6 टक्के बचत होते, तेव्हा पाहुणा येण्याआधी तुम्ही एसी लावून ठेवत असाल तर 18 वर न लावता 24-25 वर लावा. खोली गार मिळाली की फार कमी लोक रिमोट हातात घेतात. जाड पडदे आणि खिडकीच्या फटींना रबरी पट्टी, हा खर्च एकदाच होतो. एसीची जाळी साफ करायची तारीख बाईंबरोबर ठरवून टाका. हॉटेलांत असतो तसा कार्ड काढलं की सगळी वीज जाणारा स्विच लावायचा मोह होईल, पण त्यावर फ्रीज आणि राउटर टाकू नका.

पाण्याकडेही असंच बघा. शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट सोडा आणि मोजा. 15 लिटरच्या आसपास पाणी आलं तर कमी पाण्याचा शॉवर बसवा. चांगल्या बनावटीचा 8-9 लिटरचा शॉवर अंगावर तितकाच भरघोस लागतो, आणि गरम पाणी वाचतं म्हणजे वीजही वाचते. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय, आणि ते पाणी रात्रंदिवस चाललंय. "पाणी जपून वापरा" ही चिठ्ठी लावणाऱ्या कितीतरी घरांत फ्लशची टाकीच गळत असते.

भिंतीवर राहू द्यावं असं थोडंच: वायफायचा पासवर्ड, आणीबाणीचे नंबर, आणि गिझरचं बटण कुठलं, चावी कशी फिरते अशा, न सांगता कळणार नाहीत त्या दोन-तीन गोष्टी.

टॉवेलबद्दल मला तुमच्याशी स्पष्ट बोललं पाहिजे. ते पातळ टॉवेल आजच बदला. काटकसरीचा माझा नियम साधा आहे: पाहुण्याच्या अंगाला जे लागतं तिथे हात आखडू नये. गादी, उशी, चादर, टॉवेल, अंघोळीचं पाणी. माणूस प्रवासाने आंबलेला येतो, दार लावून घेतो, अंघोळ करतो आणि आडवा होतो. घर कसं होतं हे त्याच्या मनात त्या अर्ध्या तासात ठरतं. शोभेच्या वस्तू, भिंतीवरच्या चौकटी, जास्तीच्या उशा, टेबलावरची पुस्तकं यात त्याचा जीव गुंतलेला नसतो. तिथे खुशाल वाचवा.

बचत टॉवेलच्या जाडीत शोधू नका, ती खरेदीच्या आणि धुण्याच्या पद्धतीत सापडते. सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल एकाच रंगाचे, एकाच मापाचे घ्या, शक्यतो पांढरे सुती. एक अभ्रा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो, अख्खा संच बाद होत नाही. पांढऱ्याला ब्लीच चालतं, कढत पाणी चालतं, आणि 60 अंशांच्या पाण्यात धुतलं की कापडातले बारीक धूळकिडेही मरतात. दर पलंगामागे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच असले की एखाद्या पावसाळी दिवशी तुम्ही अर्धवट वाळलेली चादर अंथरता, आणि तो कुबट वास पाहुण्याला दारातच कळतो. टॉवेलना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याने पाणी टिपायची ताकद जाते. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात सोडा, गरम पाण्यात तो कायमचा बसतो. मेकअप पुसायला दोन छोटे गडद रंगाचे रुमाल बेसिनजवळ ठेवा, तुमचे पांढरे टॉवेल त्यामुळे कितीतरी जास्त टिकतील. आणि गादीवर पाणी न झिरपणारं, पण सळसळ आवाज न करणारं आवरण हवंच हवं. ते नसेल तर एका सांडलेल्या पेल्याने गादी जाते.

चहा-कॉफीच्या पुड्या मोजणं सोडा. दोन बरण्या भरून ठेवा. दोन दिवसांत कुणी किती पिणार? उलट मोजून ठेवलेल्या तीन पुड्या बघितल्या की पाहुण्याला आपण मोजले जातोय असं वाटतं. साबण-शाम्पूच्या छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीला अडकवलेल्या, पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या लावा. त्यात वाया फार कमी जातं. जास्तीचा साठा मात्र एका कुलूपबंद कपाटात हवा, आणि त्याची किल्ली सफाईच्या बाईंकडे.

त्या बाईंना कमी करायचा विचार मनातून काढा. तुमच्या धंद्यात पाहुण्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं माणूस त्याच आहेत. गिझर ठिबकतोय, खुर्चीचा पाय हलतोय, उशीला वास येतोय, हे तुमच्याआधी त्यांना कळतं. अदलाबदली वीसवरून सहा-आठवर आल्या की त्यांच्यावरचा खर्च आपोआप उतरेल, पण म्हणून त्यांचं पोट मारू नका. दर फेरीचे पैसे वाढवा आणि फेरीत खोल काम मागा: गादी उलटणं, नळांवरचे क्षार काढणं, पंख्याची पाती, गटाराची जाळी. दोघांचंही भलं होईल.

कॅमेऱ्याचं उत्तर एका शब्दात देते: नाही. घराच्या आत कॅमेरा ठेवायला एअरबीएनबीने 30 एप्रिल 2024 पासून जगभर बंदी घातली आहे. हॉलमध्ये नाही, बंद करून ठेवला तरी नाही, पाहुण्याला आधी सांगितलं तरीही नाही. दाराबाहेर लावलात तर तो कुठे आहे हे जाहिरातीत लिहावं लागतं, आणि त्यातून घराच्या आतलं दिसता कामा नये. हा नियम नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. आपल्या छताखाली झोपणाऱ्या माणसाकडे लपून पाहू नये. तुमच्या मिस्टरांची एसीची काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर टायमर आणि सेन्सर हे आहे.

पाहुण्याला आपलेपणा वाटतो तो बहुतेक वेळा फुकटच्या गोष्टींतून. येण्याच्या आदल्या दिवशी एक निरोप पाठवा: पत्ता, फाटकाचा फोटो, गाडी कुठे लावायची, किल्ली कुठे, रात्री उशीर झाला तर कुणाला फोन करायचा. पाहुणे पोचल्यावर तासाभराने एकच प्रश्न: सगळं ठीक आहे ना, काही हवंय का? तेवढाच. या एका निरोपाने निम्म्या तक्रारी घरातल्या घरात मिटतात. गरम पाणी येत नाही हे त्याने तुम्हाला संध्याकाळी सांगितलं तर ते काम असतं, चार दिवसांनी जगाला सांगितलं तर तो अभिप्राय होतो. एअरबीएनबीवर दोन्ही बाजूंना अभिप्राय लिहायला 14 दिवस मिळतात, आणि दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचं दिसत नाही. तुम्ही काय लिहिलंय हे वाचून पाहुणा उट्टं काढेल ही भीती धरू नका, तुम्हीही खरं आणि सभ्यपणे लिहा.

दुपारी जरा उशिरा निघालो तर चालेल का, असं कुणी विचारलं आणि त्या दिवशी दुसरं कुणी येणार नसेल, तर लगेच आनंदाने हो म्हणा. त्यात तुमचं काहीच जात नाही. दुसरा पाहुणा येणार असेल तर नाही म्हणा आणि सामान ठेवायची सोय करून द्या. सफाईच्या वेळेतून सवलत कधीही देऊ नका, त्याचा भार बाईंच्या आणि पुढच्या पाहुण्याच्या डोक्यावर पडतो.

पेला फुटला, चमचा हरवला, टॉवेलला डाग पडला, याचे पैसे मागू नका. दर बुकिंगमधून एक ठरलेली छोटी रक्कम झीज म्हणून बाजूला काढा आणि त्यातून भरून काढा. मोठं नुकसान झालं तर गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रत्येक अदलाबदलीला बाईंनी खोल्यांचे चार फोटो काढायची सवय लावा, कारण पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांच्या आत एअरबीएनबीवर पुराव्यासह भरपाईची मागणी नोंदवावी लागते, आणि फोटो नसला तर तुमच्या शब्दाला आधार राहत नाही.

खर्च आवरताना एका जागेला मात्र अजिबात हात लावायचा नाही. धुराचा अलार्म, आग विझवायचं छोटं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी. गॅसवर चालणारा गिझर किंवा शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही, कारण त्या वायूला ना वास ना रंग, आणि बंद न्हाणीघरात तो झोपेसारखा चढतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा, मगच पुढचं बुकिंग घ्या. विम्याचे कागदही एकदा काढून वाचा. घराच्या साध्या विम्यात पैसे देऊन राहणारे पाहुणे बरेचदा बसत नाहीत. तसं असेल तर विमा कंपनीला लेखी विचारून जास्तीचं संरक्षण घ्या.

बंद करावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. आज ठरवू नका. अट आणि सवलत लावून, चिठ्ठ्या उतरवून, टॉवेल बदलून तीन महिने चालवा, आणि वहीत दर बुकिंगची ओळ लिहीत राहा. तीन महिन्यांनी उरलेली रक्कम तुमच्या तासांनी भागा. त्याच तासांत दुसरं काम करून याहून जास्त मिळालं असतं असं दिसलं, किंवा लांबच्या मुदतीचा भाडेकरू ठेवून तेवढीच रक्कम धावपळ न करता आली असती असं दिसलं, तर घर भाडेकरूला द्या. एक करा, ती वही मिस्टरांसोबत बसून भरा. कुठे किती जातंय हे दोघांना एकाच कागदावर दिसलं की वाद निम्मे होतात.